विकणारा गावातच राहतो : तालुक्याच्या गावातली फर्निचरची दुकानं

(सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव अशा माला उभ्या राहिल्या. संतवाङ्मय, शिवकाल, राज्यघटना, शेती, सहकार असे कितीतरी विषय या व्यासपीठांवरून बोलले गेले. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानांवर मात्र फार कमी बोललं गेलं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, ते मुलांना इतिहास शिकवायला वर्गाबाहेर नेत, बाजारात उभं करत आणि विचारत, "ही वस्तू इथं कुठून आली?" त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय म्हणून मी आज आपल्या फर्निचरच्या दुकानांबद्दल बोलणार आहे. एसटी स्टँडपासून कॉलेज रस्त्यापर्यंत ती पसरली आहेत. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड, आत सोफासेट, दिवाण, कपाटं, आणि मागच्या अंगाला एखादा छोटा कारखाना. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की या दुकानांनी आपल्या गावाचं सामाजिक जीवन घडवलं, आणि ते त्यांना जमलं याचं कारण विकणारा माणूस गावातच राहतो. त्याला जाब विचारता येतो. ही सोय आपण हातची घालवू नये.

थोडं मागे जाऊ. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' प्रसिद्ध झालं. बलुतेदारी समजून घ्यायला आजही त्या पुस्तकाकडे वळावं लागतं. त्या व्यवस्थेत सुतार हा महत्त्वाचा बलुतेदार. नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाकं हे त्याचं मुख्य काम. त्यातून सवड मिळाली तर पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा, दाराची चौकट. बांधावरची बाभूळ शेतकऱ्याची, वाकस आणि पटाशी सुताराची, आणि मोबदला सुगीत खळ्यावर, धान्याच्या रूपात. जुन्या गावाबद्दल आपण हळवं होऊन बोलतो, तेव्हा एक गोष्ट बाजूला राहते. त्या व्यवस्थेत सुताराला काम नाकारण्याची मोकळीक नव्हती, त्याच्या मुलाला दुसरा धंदा धरण्याची नव्हती, आणि घडवलेली वस्तू कुणाच्या घरात जाईल हेही जातीनंच ठरलेलं होतं.

बसण्याच्या वस्तू तर फारच मोजक्या. सदरेवर लोड-तक्के, चावडीवर जाजम, शेतकऱ्याच्या घरी बाजलं, आणि गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांना जमीन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीवजा लेखनात आपल्या शाळकरी वयाबद्दल लिहिलं आहे. वर्गात त्यांना एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा एक तुकडा असे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून तो तुकडा रोज घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. साताऱ्याचे ते दिवस. ज्या मुलानं पुढं देशाची राज्यघटना लिहिली, त्याला शाळेनं बसायला फळकूटसुद्धा दिलं नाही.

हे लक्षात ठेवून आपल्या बाजारपेठेकडे पाहा. दुकानात पैसे मोजले की खुर्ची मिळते. दुकानदार आडनाव विचारतो ते बिलावर लिहायला. मी ज्या वस्तीत लहानाचा मोठा झालो, तिथं लोखंडी नळीची, नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची पहिल्यांदा आली, तेव्हा ती ओसरीवर ठेवली गेली, रस्त्यावरून दिसेल अशी. तिच्यावर आधी आजोबांना बसवलं. ते अवघडून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या ओसरीवर उभं राहून बोलणं केलं होतं. सामाजिक बदल कायद्यानं आणि चळवळीनं येतो, यात शंका नाही. पण तो घरात येऊन टेकतो तो अशा वस्तूंवर. त्या वस्तू हप्त्यानं, उधारीनं, पाच-पाच रुपये साठवून ज्यांनी वस्त्यांवर पोचवल्या, त्यांचं श्रेय मोकळेपणानं मान्य करायला हवं.

दुकानं उभी राहिली ती हळूहळू. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केली आणि १९२३ पासून त्यांच्या कारखान्यात पोलादी कपाटं होऊ लागली. त्या कपाटाची ऐपत नसलेल्यांसाठी गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांनी बावीस गेजचा पत्रा वाकवून, आत लॉकर बसवून, दारावर आरसा लावून तसंच कपाट बनवायला घेतलं. लाकडाच्या बाजूनंही बदल झाला. सुतार पूर्वी सरस गरम करून सांधे चिकटवायचे. १९५९ साली फेविकॉल आलं, आणि पुढं त्याच कंपनीची डिझाइनची पुस्तकं सुतारांच्या पिशवीत आली. प्लायवूड आलं, सनमायका आला. लाकडाच्या वखारी कमी झाल्या. राजस्थानातून सुथार आणि जांगीड कारागीर आले, उत्तर प्रदेशातून पॉलिशवाले आले, आणि आपल्या सुतारांची काही मुलं त्यांच्या शेजारी काम करता करता मालक झाली. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग गेला, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. पण आपल्या तालुक्यात सागाचा पलंग घडवून घेणारं घर आता विरळ झालं आहे.

आता उधारीकडे येतो, कारण दुकानाचं आणि गावाचं खरं नातं तिथं दिसतं. आपल्याकडच्या दुकानाचं वर्ष दोन गोष्टींवर चालतं, मुहूर्तांवर आणि उसाच्या बिलावर. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते ती आषाढाच्या तोंडापर्यंत. ऊस जातो तो साधारण त्याच काळात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायला हवेत. ते वेळेवर मिळतात तेव्हा बाजारपेठ फुलते. रखडतात तेव्हा मुहूर्त मात्र थांबत नाही. मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं, बिल यायचं पावसाळ्यात. मधले महिने कोण सांभाळतं? फर्निचरवाल्याची वही सांभाळते. शेतकरी विसार म्हणून थोडे पैसे देतो आणि सामान घेऊन जातो. कागदावर सही नसते. दुकानदाराला माहीत असतं की याचा ऊस किती एकर आहे, भाऊ वाटणीला कसा आहे, आणि मागच्या वर्षी मोठ्या मुलीच्या वेळी यानं पैसे दसऱ्याला चुकते केले होते.

फायनान्स कंपन्यांचे लोक आता दुकानातच टेबल टाकून बसतात. शून्य डाउन पेमेंट, बारा हप्ते. याला मी नावं ठेवणार नाही, कारण वहीवरच्या उधारीला एक मोठी उणीव होती. ती ओळखीवर चालायची, आणि ओळख सगळ्यांना मिळत नाही. भूमिहीन मजुराला, बाहेरगावाहून आलेल्या शिक्षिकेला, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला कुणी हमी राहिल्याशिवाय वहीत जागा नसायची. आधार आणि पॅन कार्डावर हप्ता मिळू लागला, तेव्हा या लोकांचीही पहिल्यांदा सोय झाली. मात्र फरकही सांगितला पाहिजे. ऊस जळाला, म्हैस गेली, घरात आजारपण आलं, तर वहीवाला दोन महिने थांबतो. हप्ता चुकला की कंपनीचा दंड त्याच दिवशी लागतो आणि अनोळखी आवाजातले फोन सुरू होतात. माणूस समोर नसला की सवलत मागायची कुणाकडे?

लग्नाच्या खरेदीबद्दल मला जास्त वेळ बोलायचं आहे. मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या एका दुकानदार मित्राकडे बसलो होतो. एक शेतकरी, त्यांची पत्नी आणि मुलगी आली. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या गृहस्थांनी कपाटाच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली, आवाज ऐकला, मग शेजारच्या कपाटावर केली. लॉकर उघडून किल्ली चारदा फिरवून पाहिली. आई दिवाणच्या आतली फळी वाकून बघत होती. मुलगी ड्रेसिंग टेबलाकडे एकदाच पाहून बाजूला उभी राहिली. मित्रानं विचारलं, "अण्णा, पाव्हण्यांचं घर कुठलं? गल्लीत टेम्पो जातोय का? माडीवर चढवायचंय की खालीच?" अण्णांनी गाव सांगितलं. "मग तीन दारांचं नेऊ नका. तिथले जिने अरुंद आहेत, मी दोनदा सोडलंय सामान. दोन दारांचं न्या, पैसेपण वाचतील."

अण्णा म्हणाले, "शेठ, त्यांनी तीन दारांचं म्हणून सांगितलंय."

दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही. सांगितलंय, या एका शब्दात सगळं आलं होतं. १९६१ च्या कायद्यानं हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. पण पलंग, गादी, कपाट, सोफा, टीव्ही युनिट यांची यादी पाहुण्यांकडून तोंडी येते, बाप ती छातीशी धरून बाजारात हिंडतो, आणि 'छोटा हत्ती' टेम्पोत सामान भरून वरातीआधी पोचतं करतो. या व्यवहारात फर्निचरचं दुकान मधोमध उभं आहे. त्याची कमाई त्यावर चालते. दुकानांचं कौतुक करताना हे मी टाळून पुढं जाऊ शकत नाही. याच दुकानांतून खुर्ची वस्त्यांवर गेली आणि याच दुकानांतून मुलींच्या बापांवरचं कर्जही वाढलं.

पण त्या दिवशी माझ्या मित्रानं जे केलं ते इथं सांगायला हवं. बिल करताना त्यानं विचारलं, "नाव काय घालू?" अण्णांनी स्वतःचं सांगितलं. मित्र म्हणाला, "मुलीचं घालतो. बाळ, तुझं नाव सांग, आधारवर आहे तसं." आणि त्यानं मुलीचं संपूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक वस्तूचं माप, रंग, पत्र्याचं गेज, किंमत वेगवेगळी लिहिली, तारीख घातली आणि शिक्का मारला. एक प्रत अण्णांना दिली, एक मुलीच्या हातात दिली. "ही तुझ्या फाइलमध्ये ठेव. कागद असू दे जवळ," एवढंच म्हणाला.

या कागदाचं मोल वकील मंडळी जाणतात. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे. सासरी ठेवलं म्हणून ते नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या मालकीचं होत नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारनं नियम केले की लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी लेखी ठेवावी, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. ही यादी आपल्याकडे किती लग्नांत होते? संसार मोडतो तेव्हा पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, सामान तुमचं हे कशावरून? मुलीकडे असतात लग्नातले फोटो, आणि फोटोत कपाटाच्या पुढं नातेवाईक उभे असतात. अशा वेळी तिच्या नावाचं, वस्तूवार तपशिलाचं बिल तिला उपयोगी पडतं. इथं बसलेल्या सर्व दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. लग्नाच्या सामानाचं बिल मुलीच्या नावानं करा, तपशील भरा, तुमच्याकडची प्रत जपून ठेवा. घरचे 'बिल नको, कच्चं द्या' म्हणाले तरी पक्कंच द्या. ती मुलगी काही वर्षांनी तुमच्या दुकानाच्या पायऱ्या चढून आली, तर तिला देता येईल असा कागद तुमच्याजवळ असू द्या. हेच सामान मोबाइलवरून मागवलं असतं, तर लांबच्या गोदामातल्या कुठल्या कंपनीला ती शोधायला गेली असती?

आणखी एक लहान गोष्ट, पण मला ती फार मोलाची वाटते. आपल्या बाजारात बायकांना बसायला जागा कुठं आहे? पारावर पुरुष, चहाच्या टपरीवर पुरुष, चौकातल्या बाकावर पुरुष. स्टँडवरच्या बाकांची अवस्था आपण जाणतो. आठवडी बाजाराच्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरून आलेली बाई, कडेवर मूल, हातात पिशव्या, दुपारच्या एसटीला अजून दीड तास, ती कुठं टेकते? मी पाहिलं आहे, ती फर्निचरच्या दुकानात येते. 'जरा टेकू का भाऊ?' म्हणते, आणि विक्रीला ठेवलेल्या खुर्चीवर बसते. तिला कुणी उठवत नाही. पाणी मिळतं. मूल दिवाणावर झोपतं. फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या आपल्या गावातल्या एक वहिनी तर बाजारच्या दिवशी दोन खुर्च्या मुद्दाम आतल्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा ठेवतात, म्हणजे तान्ह्या मुलाला पाजता यावं. नगरपालिकेनं जे करायला हवं होतं ते एका दुकानानं केलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानताना नगरपालिकेलाही तिच्या कामाची आठवण करून द्यायला हवी.

विकणारा गावात राहतो याचा अर्थ सगळ्यात कठोरपणे पुरात कळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला जे झालं ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी गाठलं, हे आपल्यासारख्या वाचनालयवाल्यांना विसरता येणार नाही. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे ढीग लागतात, त्यात फर्निचरच जास्त असतं. पार्टिकल बोर्डाचा लगदा होतो. हलकं प्लायवूड पापुद्रे सुटून फुगतं, कपाटाची दारं बसत नाहीत. जुना सागाचा किंवा फणसाचा पलंग मात्र धुऊन सावलीत वाळवला की पुन्हा उभा राहतो. चिपळूणच्या एका दुकानदारानं मला सांगितलं की पुरानंतर महिनाभर त्यानं नवं काही विकलंच नाही. त्याचा स्वतःचा माल चिखलात होता, आणि लोक येत होते ते जुन्या वस्तू घेऊन, "हे तुमच्याकडूनच नेलं होतं, बघा काही होतंय का." तो आणि त्याचा सुतार बिजागऱ्या बदलत होते, फळ्या बदलत होते, पत्र्याच्या कपाटांचा गंज घासून रंग मारत होते. पैसे मागायला तोंड होईना, म्हणाला. आणि एक कबूल केलं, की पूररेषेतल्या घरांना आपण स्वस्त बोर्डाचं सामान विकत होतो, ते आता विकत नाही. गिऱ्हाइकाच्या घरात आणि आपल्या दुकानात एकच पाणी शिरलं की माल कसा विकावा हे माणूस नव्यानं शिकतो.

बाहेरच्या स्पर्धेवर फार वेळ घालवत नाही. आयकिया २०१८ मध्ये हैदराबादला आलं, डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आलं. मोबाइलवर बोट फिरवलं की घरपोच टेबल मिळतं. तरुण जोडप्यांनी ते घ्यावं, त्यांची घरं लहान आहेत, बदल्या होत असतात. मला चिंता आहे ती सार्वजनिक पैशाची. शाळांचे बाक, अंगणवाडीच्या खुर्च्या, ग्रामपंचायतीची कपाटं हे सगळं आता निविदेनं आणि २०१६ पासून सुरू झालेल्या सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलवरून येतं. पारदर्शकतेसाठी हे झालं, त्याचं स्वागत आहे. पण आमच्या एका शाळेत मी पाहिलं, नव्या बाकांचे वेल्डिंगचे सांधे वर्षभरात सुटले, आणि ते व्हरांड्यात रचून ठेवले होते. दुरुस्ती कुणी करायची? पुरवठादार दुसऱ्या राज्यात. शाळेसमोरच्या वेल्डिंगवाल्यानं ते अर्ध्या दिवसात जोडले असते, पण त्याच्यासाठी खर्चाचं शीर्षक नव्हतं. मुलं जमिनीवर बसत होती. बाबासाहेबांच्या गोणपाटाचा उल्लेख करून आपण भाषणं करतो, आणि आपल्याच शाळेत बाक असून मुलं खाली बसतात, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. खरेदीच्या अटींत स्थानिक दुरुस्तीची तरतूद घाला, एवढी साधी मागणी लावून धरायला कोणाची हरकत आहे?

दुसरी चिंता हाताची. रंधा मारणारी मुलं कमी होत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ऐन लग्नसराईत दुकानं बंद झाली, परप्रांतीय कारागीर गावी गेले, आणि काही दुकानांत पॉलिश करणारा एकही माणूस उरला नाही, तेव्हा ही उणीव उघडी पडली. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ कारागिरींत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोजचं ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. पण पहिली ऑर्डर कुठलीही योजना देत नाही. ती गावानंच द्यायची असते.

म्हणून वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढं एक प्रस्ताव ठेवतो. बालविभागासाठी नवी टेबलं आणि बैठ्या घडवंच्या घ्यायच्या आहेत, असं मला कार्यवाहांनी सांगितलं. हे सामान कॅटलॉगमधून मागवू नका. आपल्या दुकानदारांकडून दर मागवा, लाकूड कोणतं, फळीची जाडी किती, पाच वर्षं दुरुस्ती कुणी करायची हे करारात लिहून घ्या, आणि आयटीआयमधल्या दोन मुलांना त्या कामावर ठेवण्याची अट घाला. उंची मुलांना बसवून ठरवा, सहा वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेबलाच्या खालच्या बाजूला घडवणाऱ्याचं नाव कोरू द्या. आजच्या व्याख्यानाचं जे मानधन ठरलं आहे, ते मला न देता या कामाचा विसार म्हणून जमा करून घ्यावं, आणि पावती वाचनालयाच्या नावानं करावी.